पेवातलं बिऱ्हाड

त्या साली अमरावतीत कापसाला जेवढा मान होता तेवढा जावयालाही नव्हता. सातासमुद्रापलीकडे कुठेशी भाऊबंदांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडून बसला आणि इकडे वऱ्हाडातल्या बोंडाला चांदीचा भाव आला. मग कापूस आधी ओसरीवर आला. ओसरीवरून माजघरात शिरला आणि माजघरातून थेट देवघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकला. गाई बाहेर बांधल्या आणि गोठ्यात कापूस भरला. म्हाताऱ्या सासऱ्यांची खाट लिंबाखाली गेली आणि तिच्या जागी कापूस आला. सासऱ्यांनीही तक्रार केली नाही, कारण भाव त्यांनाही ठाऊक होता.

अशा या गावात सुभद्रा साळीण एका नवऱ्यासकट आणि एका हातमागासकट भाड्याची जागा शोधत येऊन पोचली.

ती पैठणकडची. तिकडे कापूस जहाजावर चढू लागल्यापासून सूत इतकं महागलं की घरोघरचे माग थंड पडले. चार महिने बंद मागाकडे बघत बसल्यावर सुभद्रा नवऱ्याला म्हणाली, "अहो, कापूस ज्यांनी विकला त्यांच्या हातात पैका आला असंल की नाही? पैका आला की माणसाला पागोटं सुचतं. चला तिकडं." नवरा गोवर्धन माग सोडून बांधायला बसला. त्याचा हात धोट्यावर जितका चाले तितकी जीभ तोंडात चालत नसे. ती कसर सुभद्रेनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी भरून काढली होती.

तिचा हिशेब चुकला नव्हता. वऱ्हाडातल्या कुणब्यांना त्या वर्षी रुंद काठाची धोतरं आणि भरजरी पागोटी खरंच हवी होती. फक्त ती विणायची कुठे, एवढंच राहून गेलं होतं.

पहिल्या घरी घरमालकानं विचारलं, "माणसं किती?"

"दोन."

"अन् कापूस किती?"

"कापूस नाही."

"मंग जागा नाही."

दुसऱ्या घरची दुर्गाबाई जरा मायाळू होती. तिनं घागरभर पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि मग समजावलं, "बाई, तुले सांगतो, राग नको मानू. कापूस भांडत नाही, विहिरीवर गर्दी करत नाही, त्याच्या घरी पाहुणे येत नाहीत. माणूस ठेवून मी काय करू?" तरी तिनं एक कोपरा दाखवला. गेल्या वर्षी आठ आण्यांना जाणारा कोपरा यंदा तीन रुपयांना होता, आणि त्यात आडवं व्हायचं तर पाय दुर्गाबाईच्या चुलीत गेले असते. सुभद्रा त्यालाही तयार झाली असती, पण तिनं खरं ते सांगून टाकलं. माग बसवायचा तर जमिनीत मांडीएवढा खड्डा लागतो. विणणारा काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो.

"घरात खड्डा?" दुर्गाबाई ओरडलीच. "माझ्या सारवल्या भुईत? मानसाचं घर हाय का उंदराचं?"

असे अकरा दिवस गेले. बिऱ्हाड चिंचेखाली, माग गोणपाटात. गोवर्धन एकदाच बोलला, "परत जाऊ." सुभद्रा म्हणाली, "जा की. वाटेत कुणी विचारलं तर सांगा, कापसानं हाकललं." गोवर्धन गेला नाही.

बाराव्या दिवशी कुणीतरी सांगितलं की खुशालराव पाटलाचं आवार मोठं आहे. खुशालराव कापसाच्या बाजारात बसत. माणूस पोटानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. वाईट म्हणावा असा नव्हता, पण चार माणसं भोवती असली की त्याला मस्करी केल्याशिवाय अन्न पचत नसे. त्या सकाळी भोवती चाळीस माणसं होती.

"जागा?" खुशालराव म्हणाले. "जागा हाय ना! मांगच्या आवारात ज्वारीचं पेव हाय. यंदा साऱ्यायनं कापूसच पेरला, ज्वारी कोनं पेरली? पेव सुनंच पडून हाय. राहतं का त्यात?"

बाजार हसला. पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेला, आत दोन पुरुष खोल आणि वर जेमतेम तोंड असलेला खड्डा. त्यात कापूस ठेवत नाहीत, ओल धरते. माणूस तर कुणीच ठेवत नाही.

सुभद्रा हसली नाही. "भाडं काय?" तिनं विचारलं.

बाजार अजून हसला. खुशालरावांना तर हर्षच झाला. "शालिकराम!" त्यांनी दलालाला हाक मारली. "रुमाल आन रे! सौदा हाय!"

या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा एकमेकांचे हात रुमालाखाली धरत, बोटं दाबून आकडा सांगत, आणि शेजारी उभा असलेला माणूस मान लांबवून उपाशीच राही. दोघांचं जमलं की दलाल म्हणे, "झाला!" की झाला. कागद नाही, शिक्का नाही. हजारोंचा कापूस त्या हातभर रुमालाखालून इकडचा तिकडे जात असे.

परक्या बाईचा हात धरणं बरं दिसलं नसतं, म्हणून गोवर्धनाचा हात रुमालाखाली गेला. खुशालरावांनी मोठ्या गंभीर चेहऱ्यानं एक बोट दाबलं आणि चाळीस माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वरसाचं! आवार धरून!" गोवर्धनानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान डोलावली. शालिकरामही मस्करीत सामील होताच. तो ओरडला, "झाला!"

त्याच क्षणी सुभद्रेनं पदराची गाठ सोडली, एक रुपया काढला आणि शालिकरामाच्या तळहातावर ठेवला. "पाटलांना द्या. वर्षाचं भाडं."

शालिकरामानं तो सवयीनं खुशालरावांना दिला. खुशालरावांनी तो सवयीनं कनवटीला लावला. बाजारात पिढी घालवलेल्या माणसांचे हात असे मालकाला न विचारता कामं करतात.

दुसऱ्या दिवशी सुभद्रेनं पेवात आधी दोरीनं दिवा सोडला. बंद पेवातली कोंदट हवा माणूस मारते, हे तिला ठाऊक होतं. तीन दिवस पेव उघडं ठेवलं. मग नवराबायकोनं वरचं तोंड फोडून मोठं केलं, एका अंगानं पायऱ्या कापल्या, निम्मा खड्डा मातीनं भरून तळ वर घेतला. माती चांगली गावठाणातल्या पांढरीची, घट्ट. भिंत ढासळली नाही. वर छपराला गावभर फुकट मिळणारी पऱ्हाटी घातली. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या त्या काड्यांकडे अजून कुणी भाड्याच्या नजरेनं पाहिलेलं नव्हतं.

आणि माग बसला तेव्हा गोवर्धन चक्क दोनदा बोलला. एकदा म्हणाला, "गार आहे." आणि थोड्या वेळानं, "धागा तुटत नाही." वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात सूत काडीसारखं मोडतं. विणकराला दमट हवा लागते, आणि ती गावातल्या कुठल्याही माजघरापेक्षा पेवात जास्त होती. पंधरवड्यात पहिलं पागोटं निघालं. महिन्याभरात गावची माणसं पायऱ्या उतरून सुभद्रेकडे येऊ लागली आणि वर जाऊन सांगू लागली, "काय थंड हाय रे खाली! साली मस्त जागा पकडली."

चौथ्या महिन्यात ती मस्त जागा अकोल्याच्या चंद्रभान शेटच्याही नजरेत आली. शेटला कापसाच्या गासड्या रचायला सगळं आवार हवं होतं. त्यानं चार महिन्यांचे साठ रुपये सांगितले, फक्त आवार मोकळं पाहिजे. खुशालराव त्याच दुपारी पेवाच्या तोंडाशी येऊन उभे राहिले.

"बाई, बिऱ्हाड हालव."

"वर्ष कुठं झालंय, पाटील?"

"काहून उगी हट्ट करून राहिली? ते मस्करी होती! साऱ्या बाजाराले मालूम हाय."

"रुपया घेतलात तो मस्करीत घेतला का?"

"घे वापस तुया रुपया! दोन घे!"

"मला रुपया नको. मला घर आहे."

"उद्या मानसं आनतो," खुशालराव म्हणाले. "छपराले दोर बांधून वढीन. मंग नको सांगू."

गोवर्धनानं मुकाट्यानं पावड्यांवरून पाय काढले. सुभद्रेनं ते पाहिलं. "पाय ठेवा खाली," ती म्हणाली. "पागोटं उद्या द्यायचंय."

सकाळी बाजार भरला तेव्हा ती शालिकरामासमोर जाऊन उभी राहिली. त्या दिवशी भाव पहाटेपासून चढत होता. काल स्वस्तात विकून बसलेले शेतकरी कपाळाला हात लावून होते, काल घेतलेले गालातल्या गालात हसत होते. खुशालरावांनी काल साठ गाड्या घेतल्या होत्या. त्यांचं हसू गालात मावत नव्हतं.

"शालिकरामभाऊ," सुभद्रा मोठ्यानं म्हणाली, "मी परगावची. तुमच्या बाजाराची रीत मला कळत नाही. रुमालाखाली झालेला सौदा मोडता येतो का?"

"मोडता कसा येईन?" शालिकराम म्हणाला.

"नाही, पाटील म्हणाले मोडता येतो. हसत केला असला तर चालतो म्हणे."

मग मागून एक शेतकरी पुढे सरकला. "असं हाय काय? मंग म्या बी काल हसतच देल्ला व्हता कापूस. माह्या चार गाड्या वापस."

"माह्या सात!" दुसरा ओरडला. "म्या तं लय हसलो व्हतो. इचारा यायले!"

"खोटं नको बोलू, काल तू रडत व्हता," कुणीतरी म्हणालं.

"रडत केला तो तं आधी मोडला पाहिजे!"

बघता बघता खुशालरावांभोवती गर्दी झाली. प्रत्येकाला कालचा आपला चेहरा आठवू लागला आणि कुणाचाच सौद्याच्या वेळी गंभीर नव्हता. साठ गाड्या एकेक करून परत फिरायच्या बेतात आल्या. चंद्रभान शेट तिथंच उभा होता. त्यानं खुशालरावांच्या कानाशी तोंड नेलं, "पाटील, आवाराचं राहू द्या. माझेही सौदे आहेत या बाजारात. बोला लवकर."

खुशालराव लाल झाले, मग जांभळे झाले. शेवटी त्या आवाजानं मोठ्या माणसानं आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला.

"सौदा म्हंजे सौदा! हसून केला का रडून केला, रुमालाखाली झाला तो झाला! कोनाच्या बापाले मोडता येत नाही!"

"पेवाचाही?" सुभद्रेनं विचारलं.

"पेवाचाही!"

"आवार धरून?"

बाजार कान देऊन होता. "हो माय," खुशालराव म्हणाले, "आवार धरून."

"झाला," शालिकराम म्हणाला, या वेळी हसला मात्र नाही. सुभद्रेनं पदर खोचला आणि ती गाड्यांमधून वाट काढत निघाली. मागे कुणीतरी म्हणालं, "पैठणची बाई लय बेकार हाय." वऱ्हाडात एवढं बोललं की मानपत्र दिल्यासारखंच आहे.

ऊन उतरायच्या आत खुशालराव पुन्हा पेवाच्या तोंडाशी आले. या वेळी एकटेच होते. खाली धोटा इकडून तिकडे पळत होता. कमरेवर हात ठेवून ते वाकून बघू लागले.

"साल भरू दे," ते शेवटी म्हणाले. "साल भरलं का त्याच दिवशी काढतो तुले. ध्यानात ठेव."

"ठेवलं," खालून सुभद्रा म्हणाली. "त्याला अजून आठ महिने आहेत. तोवर तिथं उभे राहू नका, पाटील. उजेड अडतो."

खुशालरावांनी कुणी बघतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि ते बाजूला सरकले.