पुलापलीकडची सलाईन

ओतिलिया सालिनासने संत्री निवडायच्या शेडमध्ये एकतीस वर्षं काढली. टेक्सासच्या त्या टोकाला नदीवर पूल आहे, पलीकडे मेक्सिको. गल्लीत कुणाला अशक्तपणा आला की ओतिलिया त्याला पुलापलीकडे न्यायची. तिथे औषधांच्या दुकानावरच्या खोलीत फारशी चौकशी न करता ग्लुकोजची सलाईन लावत. माणूस तरतरीत होऊन परते. त्याचा तिला अभिमान होता.

धाकटी सून एलोइसा गरोदर राहिली आणि सहाव्या आठवड्यापासून तिला उलट्या लागल्या. पोटात पाणीही ठरेना. नदीच्या अलीकडच्या इस्पितळाने दोनदा परत पाठवलं. तेराव्या आठवड्यात तिला उभंही राहवेना.

"चल माझ्याबरोबर," ओतिलिया म्हणाली. "इथले नुसते कागद भरतात."

दोन दिवसांत दोन बाटल्या चढल्या. तिसऱ्या सकाळी एलोइसा भिंत धरून चालत आली आणि नवऱ्याकडे, एफ्राइनकडे, बघून म्हणाली, "आई, हे दोन-दोन दिसतायत. एक सांभाळताना नाकी नऊ येत होते!"

सगळे हसले. दुपारी तिने एकच प्रश्न पाच वेळा विचारला, तेव्हा हसू थांबलं.

इस्पितळात तरुण डॉक्टरने तिचे लटपटणारे पाय पाहून विचारलं, "दारू घेते का?"

"माझी सून? तुमच्या घरात घेत असतील!"

"बाहेर कुठे इंजेक्शन, सलाईन?"

मागच्या वर्षी पलीकडच्या औषधावरून एका नर्सने ओतिलियाला चारचौघांत झापलं होतं. "नाही," ती म्हणाली. "कोंबडीचं सूप, बस." एफ्राइनने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तीन दिवस मेंदूत गुठळी शोधण्यात गेले. चौथ्या दिवशी एफ्राइनने व्हरांड्यात मोठ्या डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं.

"सात आठवडे उलट्या. अंगातलं बी-वन जीवनसत्त्व संपत आलेलं," त्या म्हणाल्या. "त्यावर नुसती साखर चढवली, ती जिरवण्यात उरलंसुरलंही गेलं आणि मेंदूला इजा झाली. आधी बी-वन द्यायचं असतं. उलट्यांचं ऐकल्यावर आम्हीही पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं. पण तुम्ही सलाईनचं लपवलंत, आम्ही भलतीकडेच शोधत बसलो."

मग इंजेक्शनं झाली. दोन दिवसांत डोळे जागेवर आले, काही आठवड्यांत पायही. नवं काही लक्षात ठेवणं मात्र परत आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली, धडधाकट. एफ्राइन कामावर गेला की ओतिलियाच तिला न्हाऊ घालते. सुनेला दोन घरं सोडूनही एकटं पाठवता येत नाही. गल्लीतले आता पुलापलीकडे जायला दुसऱ्या कुणाला तरी बोलावतात. ओतिलियाला कुणी काही म्हणत नाही, आणि तेच तिला जास्त लागतं.

"किती गोड आहे! कुणाची हो, आई?" एलोइसा रोज विचारते.

"तुझीच."

"माझी? मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

ओतिलिया बाळाचं अंग पुसत राहते. सांगितलं तरी दुपारपर्यंत टिकणार नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी ती रोज सांगते.