काळ्या बिअरसाठी भिजवलेलं धान

घरच्या काळ्या बिअरची आजवरची किंमत: सहा दिवसांची मेहनत आणि माझी कंबर. बिअर अजून थेंबभर नाही.

मित्रहो, एकेकाळी माझ्यासोबत हमाली केलेला गणपत महिनाभरात कायमचा लेकीकडे चाललाय. त्याला हिवाळ्याची बिअर माझ्या हातची पाजायची होती. धानाला मोड आणायचे, ते काळे भाजायचे, मग आंबवायचं. "धान मी मुठीतल्या आवाजावरून ओळखतो," असं त्याला ऐकवलंही.

मोड येईनात. आज गणपतनेच येऊन दाणे सोलले. "काहून गा शेठ, शिजलेल्याले पाणी पाजून राहिला? हे त उकडलेलं धान होय!"

हसलो दोघंही. पण आता नव्याने भिजवून बिअर मुरेपर्यंत तो गेलेला असेल.

ते धान माझ्याच राइस मिलमध्ये उकडलेलं होतं.