तेलाची नळी

परशराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी टिळकवाडीतल्या आमच्या पेन्शनरांच्या बाकावर बसून कुणाच्या तरी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत ऐकत होतो. फोन त्याच्या मुलाचा होता. "काका, पप्पा गेले," एवढंच तो म्हणाला. पहाटे, झोपेत. मी येतो म्हणून सांगितलं, फोन खिशात ठेवला आणि ती गुडघ्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकली. का ऐकली ते सांगता येणार नाही. सांगणारा रंगात आला होता, मधेच उठणं बरं दिसेना, असं काहीतरी असावं.

पंधरा दिवसांनी अनगोळच्या विहारात त्याच्या कारखान्यातल्या जुन्या मंडळींनी सभा ठेवली आणि बालमित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी टर्बोची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षं सांगत आल्यामुळे ती आता चांगली घासूनपुसून झाली आहे. एका टर्नरनं जुन्या अँबॅसिडरला घराच्या अंगणात टर्बो कसा बसवला, तवंदीच्या घाटात ट्रकवाले कसे बघत राहिले आणि शेवटी पठ्ठ्यानं तो कसा जाळला. लोक हसले. परशरामची बायको, सुमनवहिनीही हसल्या, पदर तोंडाला लावून. मी खाली बसलो. ती गोष्ट मी नेहमी जिथं संपवतो तिथंच त्या दिवशीही संपवली होती. तिचा पुढचा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही, परशरामला तर नाहीच नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार शब्द लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा लिहायचं तर तेच लिहायचं, असं मी ठरवलं.

आम्ही दोघं निपाणीचे. त्याची आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि आमचं घर त्याच वाटेवर होतं. शाळेत एका बाकावर बसलो, दहावीपर्यंत एकमेकांचं बघून लिहिलं. पुढे तो आयटीआयला गेला, मी कॉलेजला. सत्तरच्या दशकात दोघंही बेळगावात पोचलो. तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला. मला तो 'मास्तर' म्हणायचा, ते कौतुकानं की टोमण्यानं हे कधीच कळलं नाही. पुस्तकातली आकृती दाखवली की तो बोट ठेवून विचारायचा, "ह्यो नट कुठल्या पान्यानं खोलायचा, मास्तर? हात जाईल का तिथं?" आणि हात खरंच जात नसे.

ऐंशीनंतर दोनतीन वर्षांत कधीतरी त्यानं ती अँबॅसिडर घेतली. कुणीतरी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली, रंग उडालेली. दर रविवारी तो निपाणीला आईकडे जाई आणि बरेचदा मीही बरोबर असे. जाताना ठीक, पण येताना तवंदीचा घाट चढायचा म्हणजे गाडीची परीक्षाच. चार माणसं बसली की ती पहिल्या गिअरवर येई आणि उसानं भरलेले ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात. एकदा त्याची आई गाडीत होती. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "परशा, उतरून जरा ढकलू का रं?" सगळे हसलो. परशराम हसला नाही. त्यानंतर चार महिन्यांनी तो गोव्याला जाऊन खाणीच्या भंगारातून एक टर्बो घेऊन आला. कुठल्यातरी परदेशी जनरेटरचा, शहाळ्याएवढा, गंजलेला.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडीला बळ येतं. आज नाक्यावरच्या टेम्पोलाही तो असतो. तेव्हा आमच्यातल्या कुणी तो डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. परशरामनं अंगणात चिंचेच्या झाडाखाली बोनेट उघडलं ते सहा महिने मिटलं नाही. धूर वळवून आणणारा बिडाचा नळ त्यानं स्वतः लाकडाचा पॅटर्न करून ओळखीच्या फौंड्रीत ओतून घेतला. पहिले दोन तडकले. तिसरा बसला. पण त्याचा जीव अडकला होता तो तेलाच्या नळीत. टर्बोचा दांडा इतका गरगरतो की त्याला सतत दाबाखाली तेल लागतं आणि ते इंजिनातूनच आणावं लागतं. त्यासाठी त्यानं तांब्याची नळी घेतली, लाल होईपर्यंत तापवून मऊ केली, आत कोरडी वाळू ठासून भरली आणि गुडघ्यावर घेऊन वाकवली. वाळूमुळे वाकताना नळी चेपत नाही. तिला चार वळणं होती. ती पुरी झाली तेव्हा त्यानं मला बोलावून दाखवली होती, आणि मी पाचवीतल्या मुलाच्या चित्राला द्यावी तशी "छान" अशी शाबासकी दिली होती.

गाडी चालली. सुरुवातीला काही नाही, मग जरा वेग आला की बोनेटमधून बारीक शीळ यायची आणि कुणीतरी मागून रेटा द्यावा तशी गाडी पुढे सुटायची. तवंदीचा घाट आम्ही वरच्या गिअरवर चढलो. कारखान्याच्या मालकांनी स्वतः बसून एक फेरी मारली आणि अशा जोडण्या बनवून जीपवाल्यांच्या गाड्यांना बसवायच्या का, असं विचारलं. शेडचा एक कोपरा तुला देतो म्हणाले. बारा वर्षं दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम केलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे काय, ते मला त्याच्या तोंडाकडे बघून समजलं. त्या संध्याकाळी तो माझ्याशी इंग्रजीत दोन वाक्यं बोलला.

त्याचा एकच नियम होता. लांबून आल्यावर, घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. दारात गाडी उभी करून तो आतच बसून राहायचा, इंजिन चालू. वहिनी चहाचा कप खिडकीतूनच द्यायच्या. "आरती झाली का गाडीची?" मी विचारायचो. "दोन मिनटं दम धर, मास्तर. पंखा अजून तापलाय आतनं. लगीच तार वडली तर तेल थांबतंय न्हवं." त्या डिझेल गाडीला किल्लीनं बंद करता येत नसे, डॅशखालची तार ओढावी लागे. मी मान डोलवायचो. तापलेल्या तव्यावर राहिलेलं तेल जळून काळं कीट धरतं हे मी दर वर्षी पोरांना शिकवत होतो.

मे महिन्यात त्याच्या आईचा पाय मोडला. परशराम रजा टाकून निपाणीत राहिला आणि गाडी बेळगावात वहिनींच्या दारात. मला शाळेची सुट्टी होती. एक दिवसाआड मी डबा, कपडे, औषधं घेऊन निपाणीला जायचो आणि परत यायचो. तीन आठवडे. हे सगळं मी आनंदानं केलं, ते सांगायला हवं, कारण पुढचं सांगायचं आहे. परतताना मी तवंदी एकटाच चढायचो, शीळ ऐकत, ट्रक मागे टाकत. माथ्यावर एका झाडाखाली थांबायचो आणि थांबल्या थांबल्या तार ओढायचो. आमच्या घरी वडील उतारावर मोटरसायकलचं इंजिन बंद करून घसरत यायचे. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणं म्हणजे नळ उघडा टाकून झोपणं, असं आमच्या पिढीच्या अंगातच होतं. त्यातून गाडी दुसऱ्याची, डिझेल दुसऱ्याचं. मला वाटायचं मी त्याचं डिझेल वाचवतोय... आणि खरं तर त्याची ती दोन मिनिटं मला थोडी नाटकीच वाटायची.

जूनमध्ये प्लास्टर निघालं आणि आईला बेळगावला आणायचं ठरलं. परशराम चालवत होता, मी शेजारी, मागच्या सीटवर उशा लावून आई आणि तिच्याजवळ वहिनी. घाट सुरू झाल्यावर तो मागे न बघता म्हणाला, "आई, आता बघ गं. आज उतराया लागत न्हाय." अर्ध्या घाटात शीळ बदलली. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज झाला, मागे निळा धूर आला आणि बळ गेलं. त्यानं गिअर उतरवत उतरवत पहिल्यावर आणला. ट्रक पुढे जाऊ लागले. मग आई म्हणाली, "आस्ते जा की रं. मला कुठं कोर्टात जायाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यानं पोत्यावर सगळं खोललं. दांडा काळा पडला होता, बेअरिंग करपून चिकटलं होतं. मी उकिडवा बसून बघत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर तवा आला. "तेल पोचलं न्हाय," तो म्हणाला. मग दांड्यावरून अंगठा फिरवत, वर न बघता त्यानं विचारलं, "तू बंद करताना थांबत व्हतास न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय तर. दोन मिनटं. कदी तीनबी."

त्यानं मान हलवली. त्यानं माझ्यावर शंका घेतलीच नव्हती, फक्त एक शक्यता वगळून टाकली. "म्हंजे नळीच," तो म्हणाला. "नळी बारीक पडली माझी."

पुढच्या सहा महिन्यांत त्यानं तीन नळ्या केल्या. जाड केली, वळणं कमी केली, वेगळ्या जागेवरून तेल काढलं. दुसरं बेअरिंग स्वतः पितळेचं कातलं. गाडी पुन्हा शीळ घालू लागली, पण आता तो घाटात शिरला की कान देऊन बसायचा आणि वेग वाढवायचा नाही. मालकांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी तिथं होतो. तो म्हणाला, "नको, साहेब. माझ्याच गाडीवर माझा भरवसा न्हाय. दुसऱ्याची पोरंबाळं बसणार तिच्यात." मालकांनी दोनदा आग्रह केला, मग विषय सोडला. दिवाळीनंतर त्यानं टर्बो काढला, तेलाच्या भोकाला बूच मारलं आणि हात पुसत "साकु" म्हणाला. पुरे झालं हे सांगायला आमच्याकडे मराठी माणसाच्या तोंडीही हाच कानडी शब्द येतो. मी शेजारी उभा होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

का सांगितलं नाही? तो चिडला असता म्हणून नव्हे. तो चिडला नसता, दोन शिव्या देऊन हसला असता आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागला असता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी विज्ञानाचा मास्तर होतो आणि तो लेथवरचा कामगार, आणि चूक माझी होती. एवढीच ती अडचण होती. पहिल्या दिवशी सांगितलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं, आणि मग वर्षं गेली. मला त्याची लाज वाटते. तेव्हाही वाटायची, पण मिरवता येण्यासारखी गोष्ट हाताशी होती, ती सांगून मी वेळ मारून नेली.

परशराम निवृत्त होईपर्यंत त्याच कारखान्यात, दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम करत राहिला. चांगला टर्नर म्हणून नाव होतं. त्याला एक सवय मात्र त्या वर्षापासून लागली. तेलाची बुधली घेऊन तो घरभर फिरायचा. बिजागरी, शिलाई मशीन, सायकल, रहाट... गरज असो नसो, तेल. वहिनींनी शिवलेल्या पोलक्यावर तेलाचा डाग पडला म्हणून घरात भांडण व्हायचं. "पोचतंय का न्हाय काय सांगावं," तो म्हणायचा. आम्ही सगळे त्याला हसायचो. त्यात मीही असायचो.

गेल्या आठवड्यात हा मजकूर इथपर्यंत लिहून झाल्यावर, छापायला देण्याआधी मी अनगोळला गेलो. वहिनी सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, काही न गाळता. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे नळी चांगली व्हती, भावजी?"

"व्हय."

"आन ह्यास्नी ठावं न्हवतं."

"न्हाय."

त्या उठून मागच्या शेडमध्ये गेल्या आणि ती पहिली नळी घेऊन आल्या. तो ती खिळ्याला अडकवून ठेवत असे हे मला माहीत नव्हतं. तांबं हिरवं पडलं होतं, चारही वळणं जशीच्या तशी. त्यांनी एक टोक पदरानं पुसलं, तोंडाला लावलं, दुसऱ्या टोकाखाली तळहात धरला आणि फुंकर मारली. पुन्हा एकदा मारली.

"वारं येतंय की," त्या म्हणाल्या.

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं. "मला मागून काय करू मी तिचं? ज्याला लागत व्हती तो गेला." मग नळी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "लई चांगला व्हता, मायाळू व्हता, त्ये सभेत समद्यांनी सांगितलं. त्ये लिवू नगा. ह्ये लिवा."

म्हणून लिहितो. परशरामची नळी बरोबर होती. इंजिन मी बंद केलं.