क्लेमची पेटी

क्लेम ट्रेगिअर बोलतच नाही, असं काही नाही. साप दिसला तर तो बोलतो. ‘साप’ एवढंच बोलतो, पण बोलतो. बाकी बटाट्याच्या शेतात पन्नास वर्षं त्याने मूग गिळून काढली. आणि त्याची बायको डल्सी! मी या डोंगररस्त्यावर बावीस वर्षं टपाल वाटते, पण डल्सीच्या फाटकाशी गाडी चालू ठेवण्याची चूक मी एकदाच केली. पेट्रोल फुकट जातं. ती प्रश्न विचारते आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विचारते. एक्कावन्न वर्षं या नवऱ्याबरोबर काढल्यावर उत्तराची वाट बघायची सवय कुणाचीही मोडेल.

असा हा क्लेम दोन उन्हाळ्यांमागे काही न सांगता वणव्याची पेटी घेऊन आला, आग आली की आत शिरून जीव वाचवायची. छोट्या खोलीएवढी काँक्रीटची पेटी, मालट्रकवरून. मागच्या अंगणात ती अर्धीअधिक पुरली, वर माती चढवली. जाड लोखंडी दार, दाराला रबराची कड, बाहेर बघायला बशीएवढी काच. चार माणसं, एक तास. त्यापुढे आतली हवा पुरत नाही, असं तपासायला आलेल्या साहेबाने बजावलं. मग क्लेमने स्वतःच्या हाताने पाटी रंगवून आत ठोकली: ‘आत बोलू नये. हवा लागते.’

सगळा रस्ता हसला. पबमध्ये तर रोजचा विषय झाला. “पन्नास वर्षांनी बिचाऱ्याला शांत जागा मिळाली!” क्लेम बिअर प्यायचा आणि घरी जायचा.

डल्सी मात्र हसली नाही, भडकली. “जिवंतपणी मला कुणी पुरायचं नाही,” ती फाटकाशी मला म्हणाली. “वणवा आला तर मी पाण्याची नळी घेऊन ओट्यावर उभी राहीन. माझं घर आहे ते! त्या बिळात दार लावून बसायला मी काय ससा आहे?”

दर शनिवारी अकराला क्लेम शिट्टी फुंकायचा. ही सरावाची शिट्टी. टग नावाचा त्यांचा कुत्रा धावत पेटीत जाऊन बसायचा, एकटाच. डल्सी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसता डाव हलवून दाखवायची. क्लेमला एकच हवं होतं, की खऱ्या दिवशी डल्सीने आत यावं. ते तिला पटवायला त्याच्याकडे शिट्टीशिवाय काहीच नव्हतं.

मग पहिल्याच उन्हाळ्यात डल्सीला शोध लागला, की सगळ्या आवारात थंड जागा एकच. झालं. पेटीत फळ्या लागल्या, फळ्यांवर पाकातल्या फळांच्या बरण्या चढल्या. पीच, प्लम आणि मार्चमधल्या मेळ्याच्या स्पर्धेसाठी जर्दाळू. तिचे जर्दाळू म्हणजे एकेक फाक बोटाने लावलेली, सगळ्या पाठी बाहेर, रेघ सरळ. दार सताड उघडं ठेवून ती आत जायची, बरण्या ठेवून बाहेर यायची. क्लेमने एकदा फळ्यांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “हवा.”

“हवा?” डल्सी म्हणाली. “हवा बाहेर ढीगभर पडलीय! ती काय साठवून ठेवायची वस्तू आहे?”

यंदा फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडे भर उन्हाळ्यात, उत्तरेचा तापलेला वारा सुटला तो दिवस. मी अर्धं टपाल वाटलं होतं. माझ्यामागे निलगिरीचं झाड रस्त्यावर आडवं झालं, पुढे धूर. रेडिओ म्हणत होता, निघून जायची वेळ टळली आहे, आहात तिथे आसरा घ्या. मी गाडी ट्रेगिअरांच्या फाटकात घातली.

डल्सी ओट्यावर नळी घेऊन उभी होती, ठिणग्या अंगाला लागू नयेत म्हणून लोकरी कोट घालून, त्या उकाड्यात. क्लेम पेटीतून बरण्या बाहेर काढत होता.

“डल्सी, चल गं!” मी ओरडले.

“तू जा पोरी. मी घर सांभाळते.”

टेकडीमागून वणव्याचा आवाज यायला लागला होता. क्लेमने शिट्टी फुंकली. टग आत गेला. क्लेमने पुन्हा फुंकली. डल्सीने पाठ फिरवली. मग क्लेमने शिट्टी खिशात ठेवली, जर्दाळूची एक बरणी उचलली आणि समोरच्या खोडावर नेम धरून मारली.

फटाक!

डल्सी गर्रकन वळली. क्लेमने दुसरी उचलली. फटाक! त्याने तिसरी हातात घेतली आणि फळीवरच्या उरलेल्यांकडे बघितलं.

“मेल्या! वेड लागलं का तुला? माझे जर्दाळू!” नळी टाकून शहात्तर वर्षांची बाई अशी धावली, की टगसुद्धा इतक्या चपळाईने कधी आला नसेल. ती आत घुसली आणि दोन्ही हातांनी बरण्या कवटाळून उभी राहिली. क्लेमने मला ढकललं, स्वतः आत आला, दार ओढलं.

दार लागलं.

डल्सीने तोंड उघडलं. तेवढ्यात वरून जे काही गेलं त्याचा आवाज मी सांगू शकत नाही. काचेत नुसता लाल रंग. डल्सी मटकन खाली बसली, मांडीवर बरणी, आणि आयुष्यात प्रथमच गप्प झाली.

आणि क्लेम बोलायला लागला.

“तो हिरवा झगा,” क्लेम म्हणाला. “नाचाला जाताना विचारलं होतंस, कसा दिसतोय. छान दिसत होता. मी बूट पुसत होतो.”

मी विजेरीने पाटीकडे उजेड टाकला. त्याने बघितलंही नाही. त्याच्या तोंडाचा पट्टा थांबेना.

“तुझी आई मला आवडते का, म्हणालीस. नाही. कधीच नाही आवडली.”

डल्सीने मान डोलावली.

“सत्याऐंशीच्या नाताळात मटण खारट झालं होतं. पुढचं दार निळं हवं की पांढरं? निळं. तू पांढरं लावलंस.”

“क्लेम, हवा!” मी म्हणाले.

“गप गं तू!” डल्सी माझ्यावर खेकसली. “बोलू दे त्याला.”

तो बोलत राहिला. घड्याळात अठ्ठेचाळीस मिनिटं झाली तेव्हा थांबला, घाम पुसला.

“आणि ही पेटी कशाला आणली म्हणून रोज विचारतेस. अगं, तू नसलीस तर त्या घरात बोलणार कोण? मी?”

मला रडू फुटलं. रडायलाही हवा लागते म्हणून मी ते बेताने केलं.

दार उघडलं तेव्हा घर नव्हतं. धुराडं उभं होतं आणि पाण्याची टाकी. डल्सी बरणी घेऊनच बाहेर आली. “आता काय रे?” तिने विचारलं. क्लेम म्हणाला, “हं.”

आता त्याच जागी नवं घर झालंय, पुढचं दार निळं. बरण्या घरातल्या फळ्यांवर गेल्या, पेटीत दोन खुर्च्या आल्या. परवा टपाल घेऊन गेले तर घरात कुणी नाही. टग पेटीच्या तोंडाशी लोळत होता, दार अर्धं उघडं, आतून क्लेमचा आवाज. मी हाक मारली तशी डल्सीने डोकं बाहेर काढलं.

“टपाल ओट्यावर ठेव आणि जा पोरी,” ती म्हणाली. “हा बाहेर बोलत नाही. आत्ता कुठे शहात्तर सालच्या प्रश्नांपर्यंत आलोय आम्ही.”