नरसिंग विमानवाल्याचा जबाब

लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा गावानं जिल्ह्याच्याच पायगुणाला नावं ठेवली. जळकोटजवळचं मोठं तळं आटलं आणि गाळातून महायुद्धातलं हवाई दलाचं सरावाचं विमान वर आलं. चाळीस वर्षं गाव ज्याला ‘विमानवाला’ म्हणून चिडवत होतं, तो नरसिंग खरा ठरला. आता चिडवणारेच त्याच्यासाठी खुर्ची पुसू लागले.

विमानाची चौकशी करणारे साहेब जबाब घ्यायला येण्याआधी सरपंच त्याच्या कानाशी लागले, “नरसिंगबाबा, पडताना पाहिलं एवढंच सांगा. जुनी शिवाशिव काढू नका, गावाचं नाव जाईल.”

नरसिंगला मात्र बुडत्या विमानाच्या पंखावर बसून हात हलवणारा तो वैमानिक अजून दिसत होता. तेव्हा नरसिंगच्या लोकांना तळ्याच्या पाण्याला शिवायची बंदी होती. म्हणून ज्यांना शिवता येत होतं त्यांना बोलवायला तो गावात पळाला. ते हसत, रमतगमत आले, तोवर पाणी सपाट झालं होतं.

“तुम्हाला पोहता येत नव्हतं का?” साहेबांनी विचारलं.

“लई चांगलं येत होतं. नदीत शिकलो होतो.”

सरपंच खोकले. नरसिंग थांबला नाही.

“बंदी होती, हे लिवा साहेब. अन् मी ती पाळली, हे बी लिवा.”