साडूंचं अंगण

नंदुरबारपासून रावेरपर्यंत आमच्या साडूंवर माया न करणारा एकच माणूस सापडेल, आणि तो म्हणजे मी. बाकी एसटीच्या कंडक्टरपासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांच्यावर जीव टाकतात. आमच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणतात. मी चाळीसगावला गेलो की अक्का चहा देतात. साडू गेले की वांगी भाजायला घेतात. माझी स्वतःची बायको त्यांची मेहुणी. माझा फोन ती भाजी परतता परतता घेते, त्यांचा आला की गॅस बंद करते. आम्ही दोघेही वास्तुविशारद, ते जळगावला आणि मी धुळ्याला. ते वयाने मोठे म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला साडूभाऊ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला आमचं फार जमतं असं वाटतं.

साडूंची काम करायची तऱ्हा पाहिली तर त्यांना कोणी कुंपणसुद्धा बांधायला देऊ नये. फरशी निवडायची असली की ते सगळे नमुने भर मे महिन्यात गच्चीवर मांडतात, दुपारी चपला काढतात आणि एकेकावर अनवाणी उभे राहतात. ज्या फरशीवर पाय टिकतो ती पास. एकदा त्यांनी कंत्राटदारालाही चपला काढायला लावल्या. दोघे त्या तापल्या गच्चीवर नाचले, हसत हसत खाली आले आणि एका ताटात जेवले. माझ्याशी हाच कंत्राटदार वकिलाला विचारून बोलतो. दुसरी सवय अशी, की कुठल्याही इमारतीत गेले की साडू आत शिरण्याआधी पायरीवर बसतात. बसल्याशिवाय इमारत कळत नाही म्हणे. दोंडाईचाला एका लग्नात ते कार्यालयाच्या पायरीवर इतके रमले, की वरपक्षाने त्यांना मुलीचे काका समजून हार घेऊन गाठलं. साडूंनी हार घालून घेतला, विहिणीची चौकशी केली, बुंदी कमी पडतेय म्हणून आचाऱ्याला हाक मारली. आजही त्या घरचं प्रत्येक आमंत्रण त्यांना येतं. मी मुलीच्या वडिलांचा मित्र होतो. मला येत नाही.

हे सगळं मी सहन केलं असतं, पण मध्ये आमचं शहर वाढलं. देवपुराकडे वस्ती पसरली, हायवेच्या पलीकडे कॉलन्या उठल्या, आणि घरपट्टी एका टोकाला, जन्माचा दाखला दुसऱ्या, वाचनालय तिसऱ्याच गल्लीत असा प्रकार होऊन बसला. शेवटी ठरलं, की मोकळ्या पडलेल्या एका मोठ्या जागेवर सगळ्यांचं मिळून एक नगर संकुल करायचं: कार्यालयं, वाचनालय, दवाखाना, सभागृह, सगळं एका आवारात. असं काम माणसाच्या वाट्याला आयुष्यात एकदा येतं. ते माझंच, असं मी धरून चाललो होतो. आलं ते दोघांच्या नावावर. नकाशे मी करायचे आणि संकल्पना साडूंनी. संकल्पना म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

माझ्या मनात घुमट होता. कॉलेजात असल्यापासून होता. रुंद पायऱ्या, उंच खांब, वर घुमट आणि घुमटाखाली वाचनालय. मी महिनाभर खपून तो रेखाटला. तेवढ्यात सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, वाढदिवस आला. सगळे चाळीसगावला जमले आणि जेवणं झाल्यावर नानांनी साडूंना विचारलं, "काय करी राहिनात तुम्ही धुयाले?" मीही धुळ्यात तेच करत होतो, पण मला विचारलं नाही. साडू उठले, स्वयंपाकघरातून डबे आणले आणि ओसरीवर संकुल मांडलं. तांदळाचा डबा दवाखाना, परात सभागृह, पोळपाट कार्यालय आणि मध्यभागी, माझ्या घुमटाचा मान राखून, डाळीचा मोठा डबा. सगळे भोवती वाकून बघत होते. तेवढ्यात अक्का आल्या आणि त्यांनी मधला डबा उचलला.

"अक्का, ते वाचनालय शे," साडू म्हणाले.

"राहू द्या तुम्हनं वाचनालय. माले डाळ काढनी शे," असं म्हणून अक्का आत गेल्या.

मध्ये रिकामी जागा राहिली. साडू तिच्याकडे बघत बसले. मग आमच्या धाकट्या मेहुण्याला त्यांनी त्या जागेत बसवलं, नानांना बसवलं, शेवटी स्वतः मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आते जमनं." मधोमध अंगण, अंगणात कडुनिंब, आणि भोवती सगळ्या इमारती, त्यांना लागून सावलीचा व्हरांडा. घुमट गेला. मी तो वाचवायला दोन आठवडे भांडलो. अंगण चांगलं होतं हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मग लोकांपुढे आराखडा मांडायचा दिवस आला. मी पडद्यावर सांडपाण्याची व्यवस्था दाखवली, आग लागली तर बाहेर पडायचे मार्ग दाखवले, पार्किंग दाखवलं. सांडपाण्याला कोणी टाळ्या वाजवत नाही. शिवणकाम करणारी एक बुरख्यातली बाई उठली आणि तिने विचारलं, "साहेब, दाखल्यासाठी बायकांनी थांबायचं कुठं? आता आम्ही रस्त्यावर उभ्या राहतो." मी प्रतीक्षागृहाचं क्षेत्रफळ सांगितलं. साडूंनी तिला विचारलं, "ताई, तुम्ही किती जणी येता बरोबर? पोरं असतात का?" आणि पुढचा अर्धा तास सभागृहातल्या सगळ्या बायका बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. फोटो माझा होता, खाली नाव साडूंचं. त्यांनी तो पेपर फ्रेम करून मला पाठवला. चेष्टा म्हणून नव्हे, मी छान दिसतोय म्हणून.

एकाच गोष्टीवर मी हटलो नाही. साडूंना कुंपणभिंत नको होती. मी म्हणालो, "भाऊ, रात्रीत डुकरं आणि शेळ्या तुमचं अंगण खाऊन टाकतील." ते रुसून जळगावला निघून गेले. मी नकाशात भिंत आखली, पण बुटकी, बसता येईल इतकी रुंद, कडेने झाडं धरून. काम पूर्ण व्हायच्या आधीच लोक तिच्यावर बसायला लागले. चला, एवढं तरी माझं, असं म्हणून मी सुखात होतो. उद्घाटनाला साडू बोलायला उभे राहिले. अंगणाबद्दल अवाक्षर काढलं नाही. भिंतीबद्दल बोलले. "ही भिंत माझ्या साडूभाऊंची. मी नको म्हणत होतो. मी चुकलो होतो," म्हणाले. टाळ्या कडाडल्या, त्यांच्या दिलदारपणाला. माझी बायको डोळे पुसत होती. भिंत मी बांधली, आणि तिचं पुण्यसुद्धा तेच घेऊन गेले.

गेल्या वर्षी साडूंचे गुडघे गेले. पुण्याच्या लेकीने त्यांना आणि माझ्या मेहुणीला तिकडे नेलं. जळगावचं ऑफिस बंद झालं. मला वाटलं होतं, आता जरा मोकळं वाटेल. मी रोज संध्याकाळी संकुलात एक चक्कर मारतो. कुठे गळतंय का, कुठल्या फरश्या उखडल्यात का, ते बघतो. आणि रोज कोणी ना कोणी मला अडवून विचारतं, "साहेब, ते जळगाववाले भाऊ कुठे आहेत?" दाखल्याच्या खिडकीतली मुलगी विचारते. शिवणकाम करणारी ती ताई विचारते. झाडांना पाणी घालणारा आबा तर पाइप खाली ठेवून विचारतो. मी पुण्याला आहेत एवढंच सांगतो आणि पुढे सरकतो. साडूंशी फोनवर बोलताना फरश्यांचं सांगतो, झाडांचं सांगतो, हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

परवा त्यांचा फोन आला. सगळं बोलून झालं. मग मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "साडूभाऊ, तिकडे मला कोणी विचारतं का हो?"

"विचारतात."

"कोण?"

मी सगळ्यांची नावं सांगितली. ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांची खूण सांगितली. कोण काय म्हणालं, कोणी काय निरोप दिला, सगळं सांगितलं. सांगायला बराच वेळ लागला. मध्ये मी दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकतोय," ते म्हणाले. "आणि तुम्ही काय सांगता त्यांना?"

"दिवाळीला येतील म्हणून सांगतो," मी म्हणालो. तसं मी अजून कोणालाच सांगितलं नव्हतं.

"गुडघ्यांचं अवघड आहे हो."

"तुम्ही गाडीत बसा," मी म्हणालो. "चाळीसगावला स्टेशनवर मी उतरवून घेतो."