बांबूवरची गोधडी

एकाहत्तर साल. मी बावीस वर्षांचा, शिपाई. गाव शहापूरजवळचं सापगाव. शिक्षण चौथी, पण ऑर्डर एकदा ऐकली की विसरायचो नाय. आमची पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, त्रिपुराच्या बॉर्डरवर होती. डोंगर, जंगल सगळं आपल्या शहापूरकडच्या उंबरमाळीसारखंच. पलीकडून, पूर्व पाकिस्तानातून, रोज माणसं येत, घरदार सोडून. त्यांना पाणी द्यायचं, कॅम्पात पोचवायचं, ही ड्यूटी.

एक दिवस शेफाली नावाची बाई आली. कडेवर तान्ही पोर. नदी उतरताना गर्दीत नवरा मागे राहिला होता. म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन तो येत होता. दुसऱ्या दिवशी ट्रकने शेफालीला लांबच्या कॅम्पात न्यायचं होतं. ती तयार होईना. मोडक्या हिंदीत एवढंच म्हणे, "वो आएगा. मैं कहाँ मिलेगी?"

माझा जोडीदार किसन, बैलांच्या जत्रेसाठी नावाजलेल्या म्हसा गावचा. तो म्हणाला, "सोमा, जत्रेत चुकलेलं माणूस कसं गावतं रे?"

आमच्याकडं बैल घेऊन जत्रेला गेलं की गाडीला उंच बांबू बांधायचे, वर घरातलं ओळखीचं कापड. चुकलेला ते बघत यायचा. आता जत्रेत मोबाइल आले. मी अजून वरच बघतो.

पोर शेफालीने स्वतः शिवलेल्या लाल काठाच्या गोधडीत होती. मी माझं सरकारी ब्लँकेट पोरीला दिलं, गोधडी घेतली. किसनने कॅम्पाच्या वाटेवर बांबू रोवला, वर ती गोधडी बांधली.

सुभेदार साहेब तापले. "ही काय जत्रा हाय व्हय रं?"

"जत्राच आहे, साहेब. हौसेनं कोण आलेलं नाय, एवढंच," मी म्हणालो.

"उद्या ट्रक आला की बाई बसली पाहिजे."

"यस सर."

सकाळी ट्रक आला. शेफालीला चढवली. गोधडी सोडायला किसन गेला आणि तिथूनच ओरडला, "सोमा, ट्रक थांबव!"

बांबूखाली एक माणूस वर बघत उभा होता, चिखलाने माखलेला. पाठीवर म्हातारी. तिला उतरवायचंही त्याला सुचत नव्हतं. शेफाली उडी मारून धावली. आधी सासूला उतरवून घेतलं, मग नवऱ्याच्या छातीवर दोन बुक्क्या मारल्या, मग पोर त्याच्या हातात दिली.

"सगळ्यांना एकाच ट्रकात बसवा," साहेब म्हणाले आणि पाठ फिरवली.

गोधडी तिच्याबरोबर गेली. ब्लँकेटही गेलं. त्याचा जाब मला द्यावा लागला. दिला.

पुढे लढाई लागली. किसन पॅट्रोलवर, गस्तीला, गेला तो आला नाय. रेडिओवर आमी त्याच्या तुकडीला हाका मारत राहिलो. "ब्राव्हो टू, उत्तर द्या. ओव्हर." नुसती खरखर. साहेबांनी 'मिसिंग' लिहिलं. किसन आजपर्यंत गावला नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या पेटीतलं, आईने दिलेलं घोंगडं काढलं. त्याच वाटेवर, त्याच बांबूला बांधलं. सुभेदार साहेब आले. वाटलं, ओरडतील. त्यांनी बुटाने बांबूच्या बुडाची माती घट्ट दाबली आणि गेले.

मी तिथंच उभा राहिलो.